खोली, आडनाव आणि दक्षिण दिशा

राहायचं कुठं, हा प्रश्न आपण तत्त्वज्ञानात धरत नाही. अभ्यासवर्गात आत्मा आहे की नाही यावर आपण तीन तास बोलतो. बुद्ध की मार्क्स यावर चहा गार करतो. मग उठून ज्याच्या त्याच्या खोलीवर जातो. ती खोली तिथंच का, दुसरीकडं का नाही, हे कुणी विचारत नाही. भाडं परवडतं म्हणून, असं आपण म्हणतो. ते अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्याबद्दल मला लिहायचंय.

कारण मी सध्या खोली बघतोय. लग्न ठरलं आहे. मी भिवंडीच्या पलीकडं एका कापड गिरणीत साच्यावर आहे, ती परळच्या अंगाला एका इस्पितळात सिस्टर आहे. तिला रात्रपाळी असते, तेव्हा घर एका बसच्या टप्प्यात पाहिजे. मला ठाण्याकडची गाडी पाहिजे. दोघांचा पगार एकत्र केला तर मुंबईत भाड्यानं एक खोली मिळायला हरकत नाही, छोटी का असेना. म्हणजे आमच्या घराण्यात पहिल्यांदाच असा प्रसंग आलाय की कुठं राहायचं हे 'निवडायचं' आहे. आज्याला निवड नव्हती. तो १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आला आणि जिथं आपली माणसं होती तिथं चार बांबू रोवून, वर ताडपत्री टाकून बसला. त्याआधी गावात होता तेव्हा तर प्रश्नच नव्हता. गावानं त्याची जागा त्याच्या जन्माआधीच ठरवून ठेवली होती.

ती कुठं ठरवली होती, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय. गावानं अस्पृश्यांवर लादलेल्या नियमांची त्यांनी जंत्री दिली आहे. त्यातला एक नियम असा की त्यांची वस्ती गावाच्या दक्षिणेला असावी, कारण चार दिशांत दक्षिण सगळ्यांत अशुभ. यमाची दिशा. ऊन, वारा, पाणी बघून नव्हे, तर पोथी बघून गावाचा नकाशा आखला होता.

आता गंमत बघा. मुंबईत दक्षिण म्हणजे काय? मलबार हिल, कफ परेड, मरीन ड्राइव्ह. 'साऊथ बॉम्बे' म्हणताना माणसाच्या तोंडाला पाणी सुटतं. तिथला यम कुठं गेला? जागेचा भाव वाढला तसं त्यानं बिऱ्हाड हलवलं की काय? तेव्हा दिशेत काही नव्हतं. ज्यांच्या हातात मोजायची दोरी आणि खुंट्या असतात ते ठरवतात दक्षिण कुठली ते. ह्या शहरात दक्षिण पूर्वेला आहे.

पूर्वेला कशी ते सांगतो. मुंबईला लोक समुद्रकाठचं सुंदर शहर म्हणतात. सिनेमात दाखवतात तो मरीन ड्राइव्हचा दिव्यांचा हार, वरळी सी फेस, बँडस्टँड, जुहू. सगळं पश्चिमेचं. पण मुंबईला किनारे दोन आहेत. पूर्वेलाही पाणीच आहे, बंदराचं आणि ठाण्याच्या खाडीचं, आणि भरती तिथंही त्याच चंद्रानं येते. त्या किनाऱ्यावर काय ठेवलंय? गोदी. मिठागरं. ट्रॉम्बेला अणुसंशोधन केंद्र. माहूलला १९५० च्या दशकापासून तेल शुद्ध करायचे कारखाने. देवनारला १९२७ पासून शहराचा कचरा. २०१६ च्या जानेवारीत तो कचऱ्याचा डोंगर पेटला आणि धूर शहरभर गेला, तेव्हा कुठं पश्चिम किनाऱ्याला आठवलं की आपल्याला एक पूर्व किनाराही आहे. आमची वस्ती त्याच अंगाला. लहानपणी आम्हाला कुणी म्हणालं असतं की पोरांनो तुम्ही समुद्रकाठी राहता, तर आम्ही पोट धरून हसलो असतो.

माहूलची गोष्ट आपल्या पोरांनी पाठ करावी अशी आहे. तानसाच्या मोठ्या जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्या पाडल्या आणि तिथली माणसं उचलून माहूलच्या इमारतींत नेऊन टाकली. पक्की भिंत, लिफ्ट, नळ, संडास. कागदावर पुनर्वसन. हवेचा कागदावर उल्लेख नव्हता. २०१५ सालीच राष्ट्रीय हरित लवादानं सांगितलं होतं की ह्या भागातल्या हवेनं रहिवाशांच्या तब्येतीला धोका आहे. तरी माणसं तिथंच पाठवली. खोकला, दमा, अंगावर पुरळ. २०१८ मध्ये लोक ती पक्की घरं सोडून विद्याविहारला जलवाहिनीच्या कडेला रस्त्यावर येऊन बसले, महिनोन्‌महिने बसले. शेवटी २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं सांगितलं की माहूलला जायची सक्ती करता येणार नाही, दुसरीकडं राहायला भाडं द्या. त्याच माहूलच्या चिखलात थंडीत रोहित पक्षी येतात. गुलाबी थवेच्या थवे. त्यांचे फोटो काढायला पश्चिमेची माणसं मोठाले कॅमेरे घेऊन येतात आणि म्हणतात, मुंबई किती सुंदर आहे. पक्षी खाडीतलं खाऊन उन्हाळा सरताना उडून जातात. त्यांना कुणी पुनर्वसनाचं पत्र दिलेलं नसतं.

(जाता जाता एक. २०२४ मध्ये पश्चिमेला समुद्राच्या कडेनं कोस्टल रोड सुरू झाला, पूर्वेला शिवडीहून अटल सेतू. दोन्हीवर दुचाकीला बंदी. समुद्र बघत जायचा रस्ता झाला तोही चारचाकीवाल्यांचा.)

कुणी म्हणेल, वरळीचं काय? वरळीला तर आपली माणसं समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतात. खरंय. १९२० च्या दशकात सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं कामगारांसाठी बी.डी.डी. चाळी बांधल्या, एकूण २०७, त्यातल्या १२१ एकट्या वरळीत. एकशे साठ चौरस फुटांची एकेक खोली. तेव्हा वरळी हे शहराचं टोक होतं, त्या जागेवर कुणाचा डोळा नव्हता. शहर नंतर तिथं चालत आलं. आता तिथं टॉवर उभे राहिले, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. चांगलं झालं, मनापासून सांगतो. पण ह्याच वरळीत जानेवारी १९७४ मध्ये काय झालं तेही पाठ असू द्या. एका आवारात, एका नळावर, एका जिन्यात राहणाऱ्या माणसांनी एकमेकांची डोकी फोडली. १० जानेवारीला निषेधाच्या मोर्चावर वरून दगड आला आणि भागवत जाधव गेला. शेजार म्हणजे समता असं समजणाऱ्यांनी त्या दगडाचा विचार करावा.

मग शेजाराला एवढं महत्त्व कशाला, असंही कुणी विचारेल. कुठंही राहा, मन मोठं ठेवा. ह्याला उत्तर बाबासाहेबांच्या 'द अनटचेबल्स' मध्ये आहे. १९४८ चा ग्रंथ. त्यात विटाळाच्या उगमाआधी त्यांनी जो प्रश्न घेतलाय तो जागेचा आहे. अस्पृश्य गावाबाहेर का राहतात? आपण सगळे समजतो की अस्पृश्य ठरले म्हणून बाहेर हाकलले. बाबासाहेबांची मांडणी उलटी आहे. लढायांत फुटलेल्या टोळ्यांची ती माणसं, गावाच्या राखणीला म्हणून गावाबाहेर बसवलेली. ती आधी बाहेर होती. विटाळ त्यांच्यावर पुढं कितीतरी काळानं लादला. आधी जागा, मग विटाळ! मी हे वाचलं तेव्हा रात्रपाळी होती, साचा बंद पडला होता, जॉबर येईपर्यंत मी पानं उलटत होतो, आणि तिथंच थांबलो. ही मांडणी धरली तर जागा ही जातीची नुसती खूण नाही, जात तिथं पिकते. आणि वस्ती निवडणं हे भाजी निवडण्यासारखं काम राहत नाही.

गिरणीत हेच होतं. मुंबईच्या जुन्या गिरण्यांत आपल्या माणसाला साचेखात्यात घेत नसत. धोट्यात नवी कांडी भरली की सुताचं टोक तोंडानं ओढून घ्यावं लागे. सवर्ण विणकर म्हणत, ह्यांचं तोंड लागलेल्या धोट्याला आम्ही तोंड कसं लावू? म्हणून आपली माणसं कताईच्या खात्यात, कमी पगारावर. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना हाच सवाल टाकला. गिरणीच्या चार भिंतींत सुद्धा एक गाव होतं आणि एक गावकूस होतं. मी आज साच्यावर उभा आहे. माझ्या साच्याला धोटाच नाही, सूत यंत्र ओढतं. थुंकीचा प्रश्न यंत्रानं सोडवला. खोलीचा प्रश्न सोडवणारं यंत्र अजून आलेलं नाही.

चार महिने फिरतोय. एजंट लोकांची भाषा मला आता पाठ झालीय. "फॅमिली आहे का? सर्व्हिस कुठं? मूळ गाव कुठलं?" मग जरा थांबून, "पूर्ण नाव काय म्हणालात?" आडनाव सांगितलं की फोनच्या पलीकडं एक बारीक गप्प होतं. मग मालक धार्मिक निघतात. मालकाचा पुतण्या गावाहून येणार असतो. किंवा सरळ, "व्हेज आहात का?" मी मासे खातो हे मी कशाला लपवू? पण हा प्रश्न मासळीचा नसतोच. त्याच मजल्यावर कोंबडी शिजते, वास जिन्यात येतो, मी स्वतः घेतलाय. एक एजंट तर आपलाच निघाला. चहा पाजला, आणि खाली मान घालून म्हणाला, "भाऊ, राग मानू नका, फोनवर नुसतं पहिलं नाव सांगत जा. आणि जयभीम म्हणू नका. मी पण धंद्यात आडनाव वेगळं लावतो."

मला त्याचा राग आला नाही. तो भाकरीसाठी बोलत होता, आणि माझं भलं बघत होता.

कायदा काय म्हणतो, तेही बघितलं. घटनेच्या १९ व्या कलमात भारताच्या कुठल्याही भागात राहण्याचा, वस्ती करण्याचा हक्क आहे. १७ व्यानं अस्पृश्यता नष्ट केली. १५ व्यात यादी आहे: दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, घाट, रस्ते, इथं कुणाला अडवायचं नाही. यादी नीट वाचा. तिच्यात भाड्याची खोली नाही. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं असं धरलं की सभासद फक्त पारशीच घेऊ हा संस्थेचा नियम चालू शकतो, कारण माणसांना आपली संघटना करायचं स्वातंत्र्य आहे. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंगचा खून झाल्यावर आठवड्यात, ११ एप्रिल १९६८ ला, कायदा झाला की वंश बघून घर नाकारता येणार नाही. आपल्या पँथरनं नाव तिकडून घेतलं, तर हा कायदा कसा मिळाला तेही तिकडून शिकायला पाहिजे होतं. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीच्या परिसरात घरं मागून बघितली, २०१५ मध्ये छापलं. मागणारी माणसं सारखीच, नावं वेगळी. सवर्ण नावाला दार उघडतं. दलित आणि मुसलमान नावाला दार लागतं, नाहीतर अटी येतात. आम्हाला त्यासाठी दिल्लीला जायची गरज नव्हती, पण छापलेलं बरं असतं.

नाव लपवावं का? आपल्यातली कितीतरी पोरं लपवतात. दारावर पाटी नाही. लेकराला सांगून ठेवतात, आजोबांना 'जयभीम' म्हणायचं ते फोनवर नाही, आत येऊन. शोकेसमध्ये बुद्धाची मूर्ती असते, ती शेजाऱ्यालाही चालते, त्याच्याही शोकेसमध्ये असते. बाबासाहेबांचा फोटो मात्र कपाटाच्या आतल्या बाजूला. ह्यांना पळपुटे म्हणणारे वक्ते मी ऐकलेत. त्यातले बरेचसे बापाच्या नावावरच्या सरकारी चाळीत राहतात. मी तसं म्हणणार नाही. १९१७ मध्ये बाबासाहेब परदेशातल्या पदव्या घेऊन बडोद्याला नोकरीवर गेले तेव्हा त्यांना गावात खोली मिळाली नाही. पारशी विश्रामगृहात पारशी नाव लावून राहावं लागलं. अकराव्या दिवशी दहा-बारा जण काठ्या घेऊन आले. एका हिंदू मित्राकडं विचारलं, एका ख्रिस्ती मित्राकडं विचारलं, दोघांनी अंग काढून घेतलं. मग कामाठी बागेत बसून रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट बघत राहिले. तेव्हा नाव लपवण्याची पाळी काय असते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण ते अकरा दिवस त्यांनी विसरायला टाकले नाहीत. पुढं आपल्या नावानं सगळं लिहून ठेवलं. आताचा करार अकरा महिन्यांचा असतो, एवढाच फरक. अकरा महिने रोज सकाळी जिना उतरताना आपण कोण आहोत हे वर ठेवून उतरायचं, आणि बाराव्या महिन्यात परत पहिल्यापासून. हे ज्याला झेपतं त्याला झेपो. माझी कविता त्या खोलीत बसून लिहिता येणार नाही, आणि माझ्यापुरता हा हिशेब पुरे आहे.

आता खरा अवघड भाग. अभ्यासवर्गातला एक दोस्त म्हणाला, मग आपल्याच वस्तीत राहा की. सगळे आपले, पौर्णिमेला वंदना, १४ एप्रिलला दारात रोषणाई. दुसरा लगेच उठला. म्हणाला, मग त्या शाकाहारी सोसायटीत आणि आपल्या बौद्ध वसाहतीत फरक काय राहिला? त्यांनी त्यांचं कुंपण घातलं, तुम्ही तुमचं घाला, आणि म्हणा समता.

ह्यावर त्या रात्री भांडण झालं. मला वाटतं, बाबासाहेबांच्या राहण्याकडं आणि लिहिण्याकडं एकत्र बघितलं तर वाट सापडते. परळच्या बी.आय.टी. चाळीत ते १९१२ ते १९३४ राहिले, कामगारांमध्ये, दोन खोल्यांत. मग घर बांधलं ते कुठं? दादरच्या हिंदू कॉलनीत, शिकल्यासवरल्या सवर्णांच्या मधोमध. नाव दिलं राजगृह. नाव लपवून नाही, पुस्तकांच्या पेट्यांसकट, उजळ माथ्यानं. आणि तेच बाबासाहेब १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींचा ठराव करवून घेतात, १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये त्यासाठी आयोग मागतात. काहींना यात विसंगती दिसते. मला दिसत नाही. दोन्हीकडं एकच मागणी आहे: माझी जागा तुम्ही ठरवायची नाही. गावात आपल्या माणसाच्या हातात ना जमीन ना पाणी. त्याला एकटा गावात ठेवलं तर तो गावाचा गुलाम. म्हणून तिथं त्यांनी वेगळी वस्ती मागितली, जमिनीसकट, उठून निघता यावं म्हणून. ज्याच्या हातात गावातल्या सगळ्या दारांच्या किल्ल्या आहेत त्यानं आपलं दार लावून घेणं, आणि ज्याला एकही दार उघडत नाही त्यानं चार पत्रे ठोकून आपलं दार करणं, ह्या दोन्हींना 'कुंपण' हा एकच शब्द वापरणारा माणूस शब्दांचा आळशी आहे.

इथवर माझा दोस्त गप्प बसला. पण त्याचा मुद्दा संपला नव्हता, आणि तो मला परत काढावा लागतोय. पत्र्याचं दार कायम पत्र्याचं राहत नाही. आपल्या वस्त्याही पक्क्या झाल्या, वर माळे चढले, आपणही घरमालक झालो. माझ्या खात्यातला एक मुसलमान विणकर, माझ्या शेजारच्या साच्यावर उभा राहतो, बिहारचा. त्याला बायकोपोरांना आणायचं होतं, खोली पाहिजे होती. आमच्या वस्तीत एक रिकामी होती. मी त्याला घेऊन गेलो. काका चांगले बोलले, चहा झाला. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरा, माणूस चांगला असंल, पर आपल्यात नको. उद्या चार जण बोलत्याल." दुसऱ्या गल्लीत एक मेहतर समाजाचं कुटुंब दोन वर्षं खोली मागतंय, त्यांना प्रत्येक वेळी पुतण्या गावाहून येणार असतो. तोच पुतण्या! मालकांच्या धर्माबरोबर तो पण आपल्याकडं राहायला आलाय. बाबासाहेबांची मांडणी खरी असेल, आधी जागा आणि मग विटाळ, तर आपण ज्याला जागा नाकारतो त्याचा विटाळ आपण आज तयार करतोय. ह्यावर 'आधी मोठ्या जातींना विचारा' हे उत्तर देणारे येतील. त्यांना मी विचारलंय, वर चार पानं लिहून. आता इथं उत्तर पाहिजे.

लेखाचा एवढा भाग मी तिला वाचून दाखवला. ऐकून म्हणाली, "ह्यात मी कुठं आहे?"

मग ती जे बोलली ते जमेल तसं लिहितो. "बारा तास उभी असते मी. लोकांचं गू-मूत काढते, मरताना हात धरते. घरी आल्यावर मला आंदोलन नको, झोप पाहिजे. खिडकी उघडली की वारा यावा, कचऱ्याचा वास नको. हे मागायला बामणीण व्हावं लागतं का? आणि तुमची ती आपली वस्ती. रात्रपाळी करून सकाळी आठला घरी येणारी बाई बघितली की नळावरच्या दहा जणी दहा तऱ्हेनं बघतात. मी नायगावच्या चाळीत वाढलेय, मला नको सांगूस."

यावर माझ्याकडं काही तयार उत्तर नव्हतं, आणि तयार उत्तराची गरजही नव्हती. आपण आपल्या कवितेत गटार, डुक्कर, उकिरडा आणला, तो आणायलाच पाहिजे होता. पण त्यातून कुठंतरी आपली अशी समजूत झाली की उकिरड्याजवळ राहणं हीच निष्ठा. खिडकीतून पाणी बघावंसं वाटणं ही मध्यमवर्गीय चैन. का म्हणून? आपल्या माणसांना समुद्र माहीत नाही असं थोडंच आहे. मराठवाड्यातली, विदर्भातली लाखो माणसं, ज्यांच्या गावात आटलेली विहीर सोडून पाणी नाही, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघितला तो सहा डिसेंबरला, दादर चौपाटीवर, चैत्यभूमीच्या रांगेत. माझ्या आजीनं तसाच बघितला. ती वाळूत बसून राहिली, कुणाशी बोलेना. १९५६ मध्ये त्याच किनाऱ्यावर अग्नी दिला. आता पश्चिमेच्या त्या किनाऱ्यावर आपल्याला वर्षातून दोन-तीन दिवस येऊ देतात, आणि तेवढ्यातही शेजारच्या इमारतींतून घाण होते म्हणून तक्रारी येतात. बाकीचे दिवस कुणाचे?

तेव्हा समुद्र मागायचा. नावासकट मागायचा. आम्ही दोघांनी आता एवढं ठरवलंय की फोनवर पहिल्या वाक्यात पूर्ण नाव सांगायचं, आणि शेवटी जयभीम. पंधरा सेकंदांत काम होतं. बसभाडं वाचतं.

तीन जागा उरल्यात. एक ठाण्याकडं, सोसायटीत, 'आडनाव जरा सांभाळून घ्या' ह्या अटीवर. ती तिनंच खोडली. एक आमच्या वस्तीत, भाडं सगळ्यांत कमी. एक वरळीच्या कोळीवाड्यात, माडीवरची, जेमतेम खाट मावेल एवढी. तिथल्या मालकीणबाईंनी नाव विचारलं, मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं. पानी सकाली साडेपाचला येतं, उठनार काय?" एवढंच. वास सुकत टाकलेल्या मासळीचा आहे, ती म्हणाली हा वास कामाचा आहे, कचऱ्याचा नाही. गच्चीच्या कोपऱ्यातून दोन भिंतींच्या मधून बोटभर समुद्र दिसतो. मी ह्या बाईंना लगेच महात्मा करणार नाही. कोळीवाडाही जातीचाच वाडा आहे, त्यालाही त्याची कुसं असतील, ती राहिल्यावर कळतील. पण दार उघडं होतं आणि नाव आत गेलं. ती बहुतेक तिथंच म्हणेल. मला वाटतं मीही.

वाचणाऱ्या पोरांना एक काम सांगतो. आपापल्या वस्तीतल्या वाचनालयात एक दोनशेपानी वही ठेवा. ज्याला जिथं खोली नाकारली त्यानं तारीख, ठिकाण आणि सांगितलेलं कारण लिहायचं. उद्या कायदा मागायला जाल तेव्हा हातात काहीतरी पाहिजे, नुसता संताप दाखवून मंत्री चहा पाजतात आणि परत पाठवतात. आमची वही गेल्या महिन्यात सुरू झाली. पहिल्या नोंदी माझ्याच आहेत, नंतर बाकीच्यांनी भर घातली. पुतण्या गावाहून येणार हे कारण सगळ्यांत जास्त वेळा आलंय. शेवटच्या नोंदीत ठिकाण म्हणून आमच्या वस्तीचं नाव आहे, बिहारच्या त्या विणकराच्या खोलीचं, आणि ती मी त्याला विचारून लिहिली. काकांनी ती वाचली. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आता म्हणतात, ते पान फाड, नाहीतर कमिटीसमोर ये. पान वहीत आहे. रविवारी सकाळी दहाला विहारात बैठक आहे.